मोबाइलच्या दराची घासाघीस

अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात घासाघीस करणे कोणाला शिकवावे लागत नाही. शेरडाचा दात पाहून, त्याच्या पाठीवरून हात फिरवून आणि 'एवढ्याला नको' असे म्हणत दोन पावले मागे सरून किंमत उतरविणारा गृहस्थ मिरजगावच्या किंवा राशीनच्या बाजारात हरघडी भेटतो. परंतु तोच गृहस्थ त्याच बाजारातील रिचार्जच्या दुकानापुढे आला, की दुकानदाराने सांगितलेली रक्कम निमूटपणे मोजून देतो आणि भाव वाढला असल्यास सरकारला, कंपनीला व एकंदर काळाला दोन शब्द सुनावून घरची वाट धरतो. हा त्याचा भिडस्तपणा नव्हे. शेरडाची किंमत ठरविणारा माणूस त्याच्या समोर उभा असतो. रिचार्जची किंमत ठरविणारा मुंबईत किंवा दिल्लीत बसलेला असतो, आणि दुकानदार हा केवळ ठरलेल्या कमिशनावर काम करणारा मध्यस्थ असल्यामुळे एक रुपया सोडण्याचाही अधिकार त्याच्यापाशी नसतो. मग मोबाइलच्या दराची घासाघीस होऊच शकत नाही काय? होऊ शकते, मात्र तिच्यात शब्दांना फारसे मोल नसून, मागे सरणाऱ्या त्या दोन पावलांनाच काय ते मोल आहे, आणि ती पावले कशी, केव्हा व किती सावधपणे टाकावीत हे समजून घेतले तर सामान्य कुटुंबाच्या वार्षिक खर्चात लक्षात येण्याजोगी बचत होते.

प्रथम हे दर ठरतात कसे ते पाहू. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ज्याला सर्वजण 'ट्राय' या नावाने ओळखतात ती संस्था, १९९७ साली स्थापन झाली, आणि १९९९ साली तिने दूरसंचार दर आदेश काढला. आज मोबाइलचा दर ठरविण्याची मोकळीक कंपन्यांना आहे. सरकार त्यांना अमुक भावाने सेवा विका असे सांगत नाही. तथापि या मोकळिकीला दोन बंधने आहेत. नवा दर अमलात आणल्यावर सात कामकाजाच्या दिवसांच्या आत तो ट्रायच्या दफ्तरी दाखल केला पाहिजे, हे पहिले. आणि एकाच वर्गातील ग्राहकांत कंपनीने मनमानी भेदभाव करता कामा नये, हे दुसरे. इंग्लंड-अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या नातलगांकडून आपण जी हकीकत ऐकतो, की दोन वर्षांच्या कराराची मुदत संपत आली म्हणजे कंपनीला फोन करावयाचा, 'दुसरीकडे जातो' असे बजावावयाचे आणि खास आपल्यापुरते भाडे उतरवून घ्यावयाचे, ती रीत आपल्याकडे जशीच्या तशी लागू पडत नाही, याचे एक कारण हे दुसरे बंधन होय. दुसरे कारण असे, की आपल्याकडील बहुसंख्य ग्राहक आगाऊ पैसे भरून सेवा घेणारे, म्हणजे प्रीपेडचे, आहेत; त्यांच्यात व कंपनीत दीर्घ मुदतीची कबुलायतच झालेली नसते. पॅकची व्हॅलिडिटी संपली, की हिशेब संपला. याचा तोटा असा, की कंपनीला आपल्याशी बोलत बसण्याची गरज वाटत नाही. आणि फायदा असा, की आपल्यालाही तिच्या दारात थांबण्याचे कारण उरत नाही.

आपल्याकडे दर उतरले ते विनवणीने उतरलेले नाहीत, हे गेल्या तीस वर्षांचा इतिहास पाहिला म्हणजे स्पष्ट होते. ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून ज्योती बसू यांनी दिल्लीस केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी मोबाइलवरून पहिले संभाषण केले, तेव्हा एका मिनिटाचा दर सोळा रुपयांच्या घरात होता आणि आलेला फोन उचलण्याचेही पैसे पडत. त्या वेळच्या धोरणानुसार प्रत्येक परिमंडळात, म्हणजे सर्कलमध्ये, दोनच खासगी कंपन्यांना परवाने मिळाले. आपल्या महाराष्ट्र परिमंडळात, ज्यात मुंबई नाही पण गोवा आहे, बिर्ला समूहाची कंपनी व बीपीएल या त्या दोन होत. पहिलीचेच पुढे 'आयडिया' झाले. जेथे दोनच विक्रेते तेथे भावाची ओढाताण होणार ती किती? ऑक्टोबर २००२ मध्ये भारत संचार निगमची मोबाइल सेवा सुरू झाली, त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर रिलायन्सने या धंद्यात पाऊल टाकले, आणि १ मे २००३ पासून आलेल्या फोनचे पैसे घेणे बंद झाले. पुढे सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ अवतरली आणि तिने कित्येक महिने सेवा फुकट वाटली. तिच्या आगमनाने दर कोसळले खरे, परंतु जुन्या कंपन्याही कोसळल्या. एअरसेलचे दिवाळे निघाले, अनिल अंबानी यांच्या रिलायन्सने मोबाइलचा धंदा आवरला, टेलिनॉर व टाटांचे ग्राहक एअरटेलकडे गेले, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये व्होडाफोन व आयडिया एक झाल्या. आपल्या परिमंडळाच्या मैदानात तीन खासगी कंपन्या व एक सरकारी निगम एवढेच उरले, आणि मग जे व्हावयाचे तेच झाले: डिसेंबर २०१९, नोव्हेंबर-डिसेंबर २०२१ आणि जुलै २०२४ अशा तीन वेळी तिन्ही खासगी कंपन्यांनी काही दिवसांच्या अंतराने दर वाढविले. विक्रेते वाढले की भाव उतरतो व विक्रेते घटले की भाव चढतो, हा नियम कर्जतच्या कांद्याइतकाच फोनलाही लागू आहे.

एकट्या ग्राहकाच्या हातात या बाजारात जे एकमेव हत्यार आहे, ते म्हणजे क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय; आपल्याकडे याला सर्रास 'पोर्ट करणे' म्हणतात. ही सोय २५ नोव्हेंबर २०१० रोजी प्रथम हरियाणात आणि २० जानेवारी २०११ पासून साऱ्या देशात लागू झाली. ३ जुलै २०१५ पासून एका परिमंडळातून दुसऱ्यात जातानाही क्रमांक कायम ठेवता येऊ लागला, आणि २०२४ पर्यंत अशा अर्जांची एकूण संख्या शंभर कोटींच्या पुढे गेली. त्यापूर्वी कंपनी सोडणे म्हणजे क्रमांक सोडणे होते. आणि ज्या क्रमांकावर अडत्याचा फोन येतो, बँकेचा निरोप येतो, सासरी गेलेल्या मुलीने जो तोंडपाठ केलेला असतो, तो क्रमांक चार पैशांच्या बचतीसाठी कोण सोडणार? हे कंपन्यांनाही पक्के ठाऊक होते. क्रमांकाची मालकी व्यवहारतः ग्राहकाकडे आली, तेव्हाच त्याच्या 'जातो' या शब्दाला वजन आले.

पोर्ट करण्याचा विधी सोपा आहे, परंतु त्यातील अटी नीट ध्यानात ठेवाव्यात. ज्या क्रमांकाचे स्थलांतर करावयाचे त्याच क्रमांकावरून इंग्रजी अक्षरांत 'पोर्ट' हा शब्द, मग मोकळी जागा व मग आपला दहा आकडी क्रमांक, असा संदेश १९०० या क्रमांकावर पाठवावयाचा. उत्तरादाखल आठ अक्षरांचा एक संकेतांक येतो. त्याची मुदत आपल्याकडे चार दिवसांची असते. हा संकेतांक मिळण्यासाठी सध्याच्या कंपनीत आपल्याला किमान नव्वद दिवस पूर्ण झालेले असले पाहिजेत, पोस्टपेड असल्यास मुदत उलटून गेलेले बिल थकलेले नसावे, आणि क्रमांकाच्या नावाचा फेरफार किंवा न्यायालयातील वाद प्रलंबित नसावा. जुलै २०२४ पासून आणखी एक अट आली आहे: हरवलेल्या किंवा बिघडलेल्या सिमकार्डाच्या जागी नवे घेतले असेल, तर सात दिवसांपर्यंत हा संकेतांक मिळत नाही, परक्याच्या नावाचे सिम लबाडीने मिळवून ते तत्काळ दुसरीकडे नेण्याचे प्रकार रोखणे हा तिचा हेतू. संकेतांक व ओळखीची कागदपत्रे घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात गेले, की एकाच परिमंडळातील स्थलांतर तीन कामकाजाच्या दिवसांत आणि परिमंडळ बदलत असल्यास पाच दिवसांत पूर्ण व्हावे, असा १६ डिसेंबर २०१९ पासूनचा नियम आहे. शुल्क साडेसहा रुपयांच्याही आत. अर्ज दिल्यापासून चोवीस तासांच्या आत मन बदलले, तर 'कॅन्सल' असा संदेश १९०० कडे धाडून तो मागे घेता येतो. प्रत्यक्ष बदलाच्या वेळी फोन सुमारे चार तास बंद पडतो, म्हणून बँकेची किंवा अन्य निकडीची कामे आधी उरकून घ्यावीत.

यातील एक बारकावा अनेकांच्या ध्यानात येत नाही. प्रीपेडच्या जुन्या पॅकमधील शिल्लक दिवस व शिल्लक रक्कम क्रमांकाबरोबर नव्या घरी येत नाहीत, ती बुडतात. म्हणून पॅक संपण्यास चार-पाच दिवस उरले असताना संकेतांक मागविणे हीच योग्य वेळ. स्वस्त पॅकमध्ये संदेशांची सोय नसल्यामुळे १९०० कडे संदेशच जात नाही, अशी पूर्वी पुष्कळांची तक्रार होती. डिसेंबर २०२१ मध्ये ट्रायने कंपन्यांना बजावले, की पॅक कोणताही असो, पोर्टचा संदेश प्रत्येकाला पाठविता आलाच पाहिजे. जाण्याची वाट अडविणे हाही भाव राखण्याचा एक मार्ग असतो, हे या आदेशावरून कळून यावे.

आता आपण गोष्टीच्या रसाळ भागाकडे येतो. संकेतांक मागविला, की पुष्कळदा एक-दोन दिवसांत जुन्या कंपनीकडून अतिशय मृदू स्वरात फोन येतो. कधी जादा डेटा, कधी कमी रकमेत तेच पॅक देऊ केले जाते. अशी सवलत मिळाल्याचा आनंद होणे स्वाभाविक आहे, पण तिचे स्वरूप समजण्यासाठी आपल्याच बाजारातील एका जुन्या वहिवाटीचे स्मरण करावे. भुसार व जनावरांच्या बाजारात पूर्वी अडत्या व खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत, आणि ज्याचा माल तो शेतकरी, आत काय बोलणे चालले आहे याचा अंदाज बांधीत, बाजूला उभा राही. ही हत्तापद्धत. बाजार समित्यांच्या कायद्याने तिला मज्जाव करून उघड लिलाव रूढ केला, तो अशासाठी, की रुमालाखालचा भाव एखाद्याला लाभला तरी त्याची किंमत बाकीच्यांना मोजावी लागते. निवडक ग्राहकांपुरत्या दिलेल्या सवलती हा मोबाइलच्या धंद्यातील हत्ताच होय. अशा सवलती म्हणजे जाहीर दर नव्हेत, सबब त्या ट्रायला कळविण्याची जरूर नाही, असा मोठ्या कंपन्यांचा दावा होता. तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये न्यायालयाने आदेश दिला, की कंपन्यांनी या सवलतींची माहिती ट्रायला द्यावी व ट्रायने ती गुप्त राखावी. रुमाल पुरता उचलला गेला नाही, परंतु पंचाला तो उचलून पाहता येऊ लागला.

मग आलेल्या फोनला उत्तर काय द्यावे? सवलत नाकारण्याचे कारण नाही. पण तीन प्रश्न अवश्य विचारावेत. हे पॅक कंपनीच्या जाहीर यादीत आहे काय. सवलत एकाच रिचार्जापुरती आहे की पुढेही चालणार आहे. आणि जे तोंडी सांगितले ते संदेशाने लेखी कळविता काय? तिसऱ्या प्रश्नाला होकार आला नाही, तर ती सवलत नव्हे, केवळ संकेतांकाची चार दिवसांची मुदत उलटून जाईपर्यंतची बोलणी समजावीत. लेखी आले तर घ्यावे, आणि नव्या कंपनीच्या भावाशी ताडून पाहून मग निर्णय करावा. मुळात पोर्टची धमकी देण्याआधीही एक सौम्य उपाय करून पाहावा: रिचार्जच्या दुकानदाराला नुसती रक्कम सांगण्याऐवजी 'माझ्या नंबरवर काय काय ऑफर दाखवते ते बघा' असे म्हणावे, किंवा कंपनीच्या ॲपमध्ये स्वतः पाहावे, कारण दोन भावांच्या दोन क्रमांकांवर दोन निराळ्या सवलती दिसतात, हा अनुभव विरळा नाही. दुकानदाराची सूचना ऐकावी, मात्र नव्या सिमवर त्यालाही कमिशन मिळते हे विसरू नये. त्याचा सल्ला खोटा असतोच असे नाही, पण तो निरपेक्षही नसतो.

कंपनी बदलण्यापूर्वी आणखी एक काम केले पाहिजे, आणि खरी बचत बहुधा याच कामात होते: आपली गरज किती आहे याचा हिशेब. पॅकची मुदत बहुशः अठ्ठावीस दिवसांची असते. ही मुदत चार आठवडे म्हणून सुटसुटीत दिसते, परंतु वर्षात महिने बारा आणि अठ्ठावीस दिवसांची आवर्तने तेरा. तेव्हा २९९ रुपयांचे पॅक घेणारा गृहस्थ वर्षाला ३,५८८ रुपये खर्च होतात असे मनाशी समजत असला, तरी प्रत्यक्षात तो ३,८८७ रुपये मोजतो. हा तेरावा महिना ट्रायच्याही डोळ्यांवर आला, आणि जानेवारी २०२२ च्या आदेशाने प्रत्येक कंपनीने तीस दिवसांचे एक तरी, आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारे एक तरी पॅक ठेवलेच पाहिजे, असे ठरले. तेव्हा पॅकची तुलना रकमेवरून करू नये. रकमेला दिवसांनी भागावे व दर दिवसाचा खर्च काढावा. २९९ रुपयांच्या त्या पॅकचा रोजचा खर्च १० रुपये ६८ पैसे पडतो.

आता तालुक्यातील निरनिराळी माणसे डोळ्यांपुढे आणा. कुळधरणच्या आजींजवळ कीपॅडचा फोन आहे. त्यांना मुलाचा फोन घ्यावयाचा आणि आठवड्यातून दोनदा लेकीशी बोलावयाचे, एवढेच काम. त्यांच्या फोनवर दररोज दीड जीबी डेटाचे पॅक मारणे म्हणजे जो माल त्यांना दिसतही नाही त्याचे पैसे भरणे होय. अशा ग्राहकांसाठी ट्रायने २३ डिसेंबर २०२४ रोजी नियमांत दुरुस्ती करून केवळ बोलण्याचे व संदेशांचे, डेटा नसलेले, पॅक ठेवणे कंपन्यांवर बंधनकारक केले, आणि विशेष पॅकची कमाल मुदत नव्वद दिवसांवरून ३६५ दिवसांवर नेली. जानेवारी २०२५ मध्ये अशी पॅक बाजारात आली. एअरटेलने ८४ दिवसांचे ४९९ रुपयांस व वर्षाचे १,९५९ रुपयांस असे भाव प्रथम लावले. ट्राय या दरांची छाननी करणार असे जाहीर होताच काही दिवसांत ते ४६९ व १,८४९ रुपयांवर उतरले, आणि जिओनेही आपले भाव खाली आणून ८४ दिवसांचे ४४८ व ३३६ दिवसांचे १,७४८ रुपये केले. या हिशेबाने आजींचा रोजचा खर्च सव्वापाच रुपयांच्या आसपास येतो, म्हणजे डेटाच्या पॅकच्या निम्मा. आणि २९९ च्या तेरा रिचार्जांशी वर्षाच्या १,८४९ रुपयांची तुलना केली तर एकाच क्रमांकावर दोन हजारांहून अधिक रुपये वाचतात. दर पुढे बदलतील, परंतु गणिताची रीत बदलणार नाही. ही पॅक दुकानदार आपण होऊन बहुधा सुचवीत नाही. ती नावाने मागावी लागतात.

आजींना उपकारक झालेली लांब मुदत सर्वांनाच उपकारक होते असे मात्र नाही. वर्षभराचे पॅक रोजच्या हिशेबाने स्वस्त असते, कारण कंपनीला वर्षभर निश्चिंती मिळते; परंतु त्या वर्षात दुसऱ्या कंपनीने भाव उतरविला, गावचा टॉवर बंद पडला किंवा कामानिमित्त मुक्काम हलला, तर भरलेले पैसे बुडवूनच बाहेर पडावे लागते. म्हणजे लांब मुदतीची सूट ही आपल्या निघून जाण्याच्या अधिकाराची विक्री होय. ज्याचे बिऱ्हाड स्थिर आणि ज्याच्या घरी रेंज पक्की, त्याने हा सौदा खुशाल करावा. उलट, मेंढरे घेऊन दिवाळीनंतर घाटमाथा ओलांडून कोकणाकडे उतरणारा मेंढपाळ, हंगामात ऊसतोडीला परजिल्ह्यात जाणारे जोडपे, किंवा शिक्षणासाठी पुण्यास निघालेला विद्यार्थी यांना अठ्ठावीस किंवा चौऱ्याऐंशी दिवसांची आखूड मुदत थोडी महाग पडली तरी परवडते. कारण त्यांच्या दृष्टीने जाण्याच्या मोकळिकीची किंमत अधिक आहे.

पोस्टपेडचा मामला थोडा निराळा. तेथे जाहीर केलेल्या भाड्यावर अठरा टक्के वस्तू व सेवा कर स्वतंत्रपणे चढतो, तर प्रीपेडच्या किमतीत तो अंतर्भूत असतो. त्यामुळे ३९९ रुपयांचे भाडे बिलावर ४७० रुपये ८२ पैसे होते. दोहोंची तुलना करताना हा फरक सोडला तर हिशेब पहिल्याच पायरीवर चुकतो. परंतु शब्दांच्या घासाघिशीला जर कोठे वाव असेल, तर तो येथेच, आणि तोही अनेकांनी मिळून केलेल्या करारात. साखर कारखाना, पतसंस्था, शिक्षणसंस्था, दूध संकलन केंद्र अशा ठिकाणी पंचवीस-पन्नास क्रमांक एका नावाखाली असतात. अशा संस्थेने दोन-तीन कंपन्यांकडून लेखी दरपत्रके मागविली, तर ती दुकानात मिळणाऱ्या दरांहून वेगळी असू शकतात, आणि २०१९ मध्ये लागू झालेल्या दुरुस्तीपासून एका अधिकारपत्रावर शंभरपर्यंत क्रमांक एकदम हलविता येत असल्याने संस्थेच्या 'जातो' या शब्दामागे शंभर पावले उभी असतात. कोणतेही पॅक किंवा योजना घेतल्यापासून सहा महिने तिचे दर ग्राहकाला बाधेल अशा रीतीने वाढविता येत नाहीत, हा नियमही करार करताना ध्यानात असावा.

भावाबरोबर गळतीही पाहिली पाहिजे. न मागितलेली कॉलर ट्यून किंवा ज्योतिषाची सेवा लागू होऊन रक्कम कापली जात असेल, तर १५५२२३ या क्रमांकावरून ती बंद करता येते. ग्राहकाने दुसऱ्यांदा स्पष्ट संमती दिल्याखेरीज अशी सेवा सुरूच करू नये, असा ट्रायचा दंडक आहे. प्रीपेडच्या ग्राहकालाही मागील सहा महिन्यांपर्यंतच्या वापराचा तपशीलवार हिशेब पन्नास रुपयांहून अधिक नाही इतक्या शुल्कात मागता येतो. कोणते पॅक घ्यावे हे ठरविण्यास त्याहून चांगला दस्तऐवज नाही. आपल्या नावावर विस्मृतीत गेलेली किती सिमे आहेत, हे मे २०२३ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या 'संचार साथी' या सेवेवर पाहता येते, आणि नको ती बंद करण्याची मागणीही तेथेच नोंदविता येते.

आणि कंपनीने शब्द मोडला तर? त्याची पायरी-पायरीने व्यवस्था आहे. १९८ या निःशुल्क क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा नोंदक्रमांक लिहून घ्यावा. हा क्रमांक नसेल तर पुढील कोणतीही दाद निराधार ठरते. समाधान न झाल्यास तीस दिवसांत कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे विनामूल्य अपील करता येते, आणि त्याचा निकाल ३९ दिवसांत लागला पाहिजे. त्यापुढे अहिल्यानगर येथील जिल्हा ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे. टेलिफोनच्या तक्रारी ग्राहक न्यायालयात चालत नाहीत, असा जुन्या तार कायद्याच्या आधारे घेतला जाणारा आक्षेप सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ रोजी व्होडाफोन आयडियाच्या प्रकरणात फेटाळून लावला. मोबदल्यापोटी दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल, तर आयोगात फी पडत नाही.

एवढे सारे जाणून घेतल्यावरही रेंजचा एक प्रश्न उरतो, आणि कर्जतपुरता तोच सर्वांत कठीण आहे. जुलै २०२४ मध्ये दर वाढले तेव्हा देशभर लोक खरोखरीच उठून गेले: त्या एका महिन्यात तिन्ही खासगी कंपन्यांचे ग्राहक घटले आणि ज्याने दर वाढविले नव्हते त्या भारत संचार निगमला २९ लाखांहून अधिक नवे ग्राहक मिळाले. परंतु हा ओघ वर्ष संपण्यापूर्वीच उलटला, आणि नोव्हेंबरात निगमचे ग्राहक पुन्हा घटले. कारण स्वस्त सेवेला फोर-जीची जोड तेव्हा बव्हंशी नव्हती. पुढे २७ सप्टेंबर २०२५ रोजी निगमच्या स्वदेशी फोर-जी जाळ्याचे, ९७,५०० हून अधिक टॉवरांसह, उद्घाटन झाले. तात्पर्य, ज्या कंपनीकडे जावयाचे तिची रेंज आपल्या उंबऱ्यापर्यंत आहे की नाही, हे आधी पाहिले पाहिजे. भीमेकाठच्या सिद्धटेकला जे जाळे चालते ते निमगाव गांगर्ड्याच्या सीना धरणाकडे चालेलच असे नाही, आणि रेहेकुरीच्या माळावर भरपूर रेंज दाखविणारा फोन घराच्या आतल्या खोलीत मुका होतो. कंपन्यांनी आपल्या व्याप्तीचे नकाशे प्रसिद्ध करावेत असे २०२४ च्या सेवागुणवत्ता नियमांनी ठरविले आहे. ते पाहावेत, पण शेजाऱ्याच्या फोनवरून घरात, गोठ्यात व विहिरीवर प्रत्यक्ष बोलून पाहण्याची सर त्यांना नाही. दोन सिमांच्या फोनमध्ये नव्या कंपनीचे लहान पॅक महिनाभर चालवून मगच मुख्य क्रमांक हलविणे, हा सर्वांत सुरक्षित मार्ग.

जेथे दोन-तीन कंपन्यांची रेंज सारखी आहे, तेथे येथवर सांगितलेली प्रत्येक युक्ती उपयोगी पडेल. जेथे एकाच कंपनीचा टॉवर आहे, त्या वाडीवस्तीवर मात्र १९०० हा क्रमांक व आठ अक्षरांचा संकेतांक ही केवळ कागदावरची साधने होत. तेथला ग्राहक १९९५ च्या ग्राहकापेक्षाही एका विक्रेत्याने गरीब आहे. त्याच्या घासाघिशीची पहिली पायरी दुकानात नसून ग्रामसभेत आहे. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने फोर-जी न पोहोचलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना निगममार्फत मंजूर केली होती. अशा योजनांत आपल्या गावाचे नाव यावे म्हणून ठराव करणे, जागा सुचविणे आणि त्याच्या प्रती निगमच्या जिल्हा कार्यालयाकडे, तहसीलदारांकडे व लोकप्रतिनिधींकडे लेखी पाठवून पोच घेणे, हे काम कंटाळवाणे असले तरी त्याचे फळ साऱ्या गावाला मिळते. गावात दुसरा टॉवर उभा राहिला, की पहिल्या टॉवरवाल्याचा ग्राहकही, स्वतः न हलता, जाण्यास मोकळा होतो. आणि तो मोकळा झाल्याखेरीज त्याच्याशी भावाची बोलणी करण्याचे कोणत्याही कंपनीला कारण नाही.